बिशप कोलेन्सो यांचें चरित्र

आपल्या गांवोगांवच्या मंडळ्यांत सेवा करणाऱ्या उपदेशक बंधूंस एक प्रसंग चांगला ठाऊक आहे. दिवसाचें काम आटोपल्यावर कोणाच्या तरी ओट्यावर मंडळी जमते, जलप्रलयाचा अध्याय वाचला जातो, आणि वाचन संपल्यावर मागें भिंतीस टेकून बसलेला एखादा वृद्ध गृहस्थ सावकाश विचारतो कीं, हें सारें खरोखर असेंच घडलें काय. विचारणारा निंदक नसतो. त्यानें पुष्कळ सोसून ख्रिस्ताचें नांव घेतलेलें असतें, आणि त्याला उत्तर मनापासून हवें असतें. अशा वेळीं उपदेशकाच्या मनांत दोन प्रकारचें भय उभें राहतें. शंका कबूल केली तर ऐकणाऱ्याचा विश्वास डळमळेल हें एक. आणि आपणांस न पटलेलें पटलें म्हणून सांगितलें तर देवाच्या नांवानें असत्य बोलल्यासारखें होईल हें दुसरें.

इ. स. १८६० च्या सुमारास हाच प्रश्न दक्षिण आफ्रिकेंतील एका बिशपास त्याच्या झुलू सोबत्यानें विचारला. त्या एका प्रश्नापासून केवढें वादळ उठलें, आणि ज्यास तो विचारला त्या मनुष्याचें पुढें काय झालें, हें या चरित्रांत सांगावयाचें आहे.

जॉन विल्यम कोलेन्सो यांचा जन्म ता. २४ जानेवारी १८१४ रोजीं इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास, कॉर्नवॉल परगण्यांतील सेंट ऑस्टेल या गांवीं झाला. वडिलांचा पैसा कथिलाच्या खाणींत गुंतलेला होता. खाणींत समुद्राचें पाणी शिरलें आणि घरची स्थिति खालावली. तेव्हां मुलानें एका शाळेंत दुय्यम शिक्षकाची नोकरी धरली व रात्रीं जागून स्वतःचा अभ्यास चालविला. १८३२ सालीं ते गरीब विद्यार्थ्यांसाठीं असलेल्या सवलतीवर केंब्रिज येथील सेंट जॉन्स कॉलेजांत दाखल झाले. चार वर्षांनीं गणिताच्या श्रेष्ठ परीक्षेंत त्यांचा दुसरा क्रमांक आला. पुढें हॅरो येथील शाळेंत ते गणित शिकवीत असतां त्यांचें घर आगींत जळालें व डोक्यावर हजारों पौंडांचें कर्ज झालें. तें फेडण्यास त्यांस अंकगणित व बीजगणित यांवर लिहिलेल्या शालेय पुस्तकांचें मोठें साहाय्य झालें. हीं पुस्तकें इतकीं चाललीं कीं, इंग्लंडांतील कित्येक मुलांस कोलेन्सो हें नांव बिशपाचें म्हणून कळण्यापूर्वीं हिशेबाच्या पुस्तकावरील नांव म्हणून कळलें होतें. हा पुरुष आंकड्यांत वाढला होता, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढील कथेचा बराच भाग त्यावर उभा आहे.

१८४६ सालीं त्यांनीं सारा फ्रान्सिस बन्यन या सुशील बाईंशीं विवाह केला आणि नॉरफोक परगण्यांतील एका खेड्यांत पाळकाचें काम पत्करलें. तेथें सात वर्षें त्यांनीं शेतकऱ्यांमध्यें घालविलीं. १८५३ सालच्या अखेरीस त्यांची नेमणूक दक्षिण आफ्रिकेंतील नाताल प्रांताचे पहिले बिशप म्हणून झाली. पुढच्या वर्षीं ते त्या देशांत दहा आठवडे हिंडून सर्व पाहून आले, आणि १८५५ सालीं बायकामुलांसह तेथें कायमचें राहावयास गेले.

पीटरमॅरिट्झबर्ग शहराजवळ त्यांनीं आपलें ठाणें वसविलें. झुलू भाषेंत त्याचें नांव एकुखान्येनी, म्हणजे प्रकाशाचें ठिकाण, असें होतें. तेथें शाळा निघाली, छापखाना निघाला, झुलू मुलें खिळे जुळवूं लागलीं. बिशपसाहेबांनीं ती भाषा झुलू लोकांच्याच तोंडून शिकून तिचें व्याकरण लिहिलें, १८६१ सालीं मोठा कोश प्रसिद्ध केला, आणि नव्या कराराचें भाषांतर केलें. लोक त्यांस सोबान्तू, म्हणजे लोकांचा बाप, या नांवानें हांक मारूं लागले.

लोकांचें म्हणणें ऐकून घेण्याची त्यांची रीत पहिल्यापासूनच दिसून येते. एकाहून अधिक बायका असलेला पुरुष बाप्तिस्मा मागावयास आला, तर त्यानें एक ठेवून बाकीच्या टाकाव्यात असा मिशनऱ्यांचा सामान्य नियम होता. टाकलेल्या बायकांनीं लेंकरें घेऊन कोणाच्या दारीं जावें, असा प्रश्न कोलेन्सो यांनीं केला. अनेक बायका करणें ख्रिस्ती जीवनास शोभत नाहीं हें त्यांस मान्य होतें; परंतु पूर्वीं लग्न लावून आणलेल्या निरपराध बाईस घराबाहेर काढणें हा धर्माचा आरंभ होऊं शकत नाहीं, असें त्यांनीं उघड लिहिलें. यावरून त्यांच्यावर टीका झाली.

आतां मुख्य प्रसंग. विल्यम न्गिडी नांवाचे एक झुलू गृहस्थ शास्त्राच्या भाषांतरांत बिशपसाहेबांचे सोबती होते. दोघे शेजारीं बसत. बिशपसाहेब अर्थ सांगत, आणि न्गिडी तो अर्थ झुलू माणूस कसा बोलेल तें सांगत. उत्पत्तीच्या पुस्तकांतील जलप्रलयाची कथा चालली असतां न्गिडी यांनीं हात थांबवून विचारलें कीं, हें सर्व खरें आहे काय. उष्ण देशांतील व थंड देशांतील लहानमोठे सारे प्राणी जोडीजोडीनें चालत नोहाकडे आले काय, आणि मांस खाणाऱ्या पशुपक्ष्यांसकट त्या सर्वांचें अन्न नोहानें जमविलें होतें काय.

हा प्रश्न गुरें राखलेल्या आणि रान पाहिलेल्या माणसाचा होता. जनावराला काय लागतें हें त्याला पुस्तकावांचून ठाऊक होतें. कोलेन्सो यांच्या मनांत ही शंका आधींपासून होती. त्यांनीं भूगर्भशास्त्र वाचलें होतें. फ्रान्स देशांतील ओव्हर्न येथें विझलेल्या ज्वालामुखीचे डोंगर आहेत, आणि त्यांवर भुसभुशीत राख व हलके दगड फार प्राचीन काळापासून तसेच पडून आहेत. साऱ्या पृथ्वीवर डोंगर बुडण्याइतकें पाणी चढलें असतें, तर ती राख वाहून गेल्यावांचून राहिली नसती, हें त्यांस दिसत होतें. तरी आजवर त्यांनीं ही गोष्ट मनाच्या एका कोपऱ्यांत लोटून ठेविली होती. आतां समोर एक मनुष्य उत्तराची वाट पाहत बसला होता. परमेश्वराच्या नांवानें खोटें बोलणाऱ्याविषयीं जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकांत जें म्हटलें आहे, तें बिशपसाहेबांस त्या क्षणीं आठवलें. खरी म्हणून ठाम ग्वाही देण्याचें धैर्य त्यांस झालें नाहीं. या कथेचा तपशील इतिहास म्हणून आपणांस सिद्ध वाटत नाहीं, परंतु पुस्तकांतील शिकवण मोलाची आहे, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिलें.

मात्र तेवढ्यावर ते थांबले नाहींत. एका कथेविषयीं असें बोलावें लागलें, तर आपण सर्व पंचग्रंथाविषयीं काय मानतों हें पाहिलेंच पाहिजे, असें त्यांस वाटलें. त्यांनीं अनुकूल व प्रतिकूल अशा दोन्ही पक्षांच्या जर्मन पंडितांचे ग्रंथ मागविले, आणि मोशेच्या नांवावर असलेलीं पांच पुस्तकें प्रारंभापासून तपासावयास घेतलीं. १८६२ सालीं ते इंग्लंडला गेले व त्याच वर्षीं आपल्या ग्रंथाचा पहिला भाग छापला. एकंदर सात भाग झाले. शेवटचा १८७९ सालीं निघाला.

पहिल्या भागांत या गणितज्ञ बिशपानें शास्त्रांतील आंकडेच शास्त्रापुढें ठेविले. मिसर देशांतून निघालेल्या इस्राएल लोकांत लढाईजोगे पुरुष सहा लाखांवर होते, असें निर्गम व गणना या पुस्तकांत म्हटलें आहे. त्यांत बायका, मुलें व म्हातारे मिळविले तर ही संख्या वीस लाखांच्या घरांत जाते. बरें, लेवीय पुस्तकांत सर्व मंडळी सभामंडपाच्या दारापाशीं जमल्याचें सांगितलें आहे. त्या मंडपाचें अंगण शंभर हात लांब व पन्नास हात रुंद होतें. दाटीवाटीनें उभीं केलीं तरी त्यांत पांच-सहा हजार माणसें मावतील. मग वीस लाख कोठें उभीं राहिलीं? पापबलीच्या गोऱ्ह्याचें कातडें व मांस याजकानें छावणीच्या बाहेर नेऊन जाळावें असा नियम आहे. एवढ्या जनसमुदायाची छावणी मोठ्या शहराएवढी पसरणार, म्हणजे याजकास प्रत्येक वेळीं तीन कोसांच्या सुमारास ओझें वाहावें लागणार. आणि याजक तरी किती? अहरोन, एलाजार व इथामार असे तिघेच. वीस लाख लोकांत रोज शेंकडों मुलें जन्मणार, आणि प्रत्येक बाळंतिणीसाठीं अर्पण करावयाचें, तें या तिघांच्या हातून. आणखी असें कीं, गणनेच्या पुस्तकांत प्रथम जन्मलेल्या मुलांची संख्या २२,२७३ दिली आहे. तिच्याशीं पुरुषांची एकंदर संख्या ताडून पाहिली, तर प्रत्येक आईस चाळिसांहून अधिक मुलगे झाले असें मानावें लागतें.

येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यावांचून या मनुष्यास न्याय मिळणार नाहीं. कोलेन्सो यांची मुख्य हरकत चमत्कारांस नव्हती. सर्वसमर्थ देवास चमत्कार करतां येणार नाहीं, असें त्यांनीं या ग्रंथांत प्रतिपादन केलें नाहीं. त्यांची अडचण अगदीं साध्या गोष्टींविषयीं होती. माणसें किती, जागा किती, ओझें किती, अंतर किती, हे व्यवहारांतले प्रश्न होते. जेथें शास्त्र चमत्कार झाला असें सांगतच नाहीं, तेथें हिशेब जुळविण्यासाठीं वाचकानें आपल्या पदरचा चमत्कार घालूं नये, असें त्यांचें म्हणणें होतें. यावरून हीं पुस्तकें मोशेनें प्रत्यक्ष पाहून लिहिलेलीं नसून पुढील निरनिराळ्या काळांतील लेखकांच्या हातून तयार झालीं असावींत, या निष्कर्षास ते आले. तरी देव त्या पुस्तकांच्या द्वारें मनुष्याच्या अंतःकरणाशीं बोलतो, हा आपला विश्वास त्यांनीं सोडला नाहीं.

ग्रंथ बाहेर पडतांच इंग्लंडांत मोठी खळबळ उडाली. उत्तरादाखल पुस्तकांमागून पुस्तकें निघालीं. आपल्या बाटविलेल्या काफरानेंच बिशपास बाटविलें, अशी थट्टा लोकांत चालली. ती थट्टा करणाऱ्यांस शोभली नाहीं. न्गिडी यांच्या प्रश्नास उत्तर देणें त्यांपैकीं पुष्कळांस जमलें नसतें. परंतु सर्वच विरोधक हलक्या मनाचे नव्हते. त्यांपैकीं गंभीर लोकांचें म्हणणें असें होतें कीं, प्रभु येशू मोशेविषयीं मोशेच लेखक असल्याप्रमाणें बोलला. तेव्हां मोशेचें लेखन नाकारलें तर प्रभूच्या वचनास बाध येतो. कोलेन्सो यांचें उत्तर असें कीं, प्रभूनें खरें मनुष्यपण धारण केलें, तो ज्ञानानें वाढत गेला असें लूक सांगतो, म्हणून अशा विषयांत तो आपल्या काळच्या लोकांच्या समजुतीप्रमाणें बोलला. हें उत्तर पुष्कळांस पटलें नाहीं. बिशपाच्या पदावर राहून कोणी असें लिहावें काय, हीही शंका प्रामाणिक होती. फ्रेडरिक मॉरिस नांवाचे थोर धर्मशिक्षक कोलेन्सो यांचे जुने मित्र होते, आणि कोलेन्सो यांनीं आपलें प्रवचनांचें पुस्तक त्यांस अर्पण केलें होतें. तेही या ग्रंथामुळें दुरावले.

केप टाउनचे मुख्य बिशप रॉबर्ट ग्रे यांनीं १८६३ सालच्या अखेरीस धर्मन्यायासन बसवून कोलेन्सो यांस दोषी ठरविलें व पदच्युत केलें. कोलेन्सो यांनीं त्या न्यायासनाचा अधिकारच मान्य केला नाहीं. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलापुढें गेलें, आणि १८६५ सालीं ग्रे यांचा निवाडा बेकायदा ठरला. ग्रंथ खरा कीं खोटा याचा निर्णय त्या कोर्टानें केला नाहीं; ग्रे यांस असा अधिकार कायद्यानें मिळालेला नव्हता, एवढेंच ठरविलें. कोलेन्सो नातालास परतले. १८६६ च्या आरंभीं त्यांस मंडळीबाहेर टाकल्याची आज्ञा त्यांच्याच शहरांत वाचली गेली. १८६९ सालीं ग्रे यांच्या पक्षानें तेथें दुसरा बिशप नेमला, आणि एका लहानशा शहरांत दोन बिशप व दोन तट झाले. सर्व जगांतील अँग्लिकन बिशपांची पहिली लँबेथ परिषद १८६७ सालीं भरली; ती भरण्याच्या कारणांत या वादाचाही भाग होता.

इतकें होऊन ते कडवट झाले असते, तर नवल वाटण्याचें कारण नव्हतें. परंतु त्यांच्या आयुष्याचा श्रेष्ठ भाग यापुढेंच आहे.

१८७३ सालीं ह्लुबी जमातीचा सरदार लांगालिबालेले याच्यावर सरकारचा रोष झाला. त्याच्या तरुणांनीं बंदुकींची नोंद केली नाहीं, आणि सरकारनें बोलावलें असतां तो आला नाहीं, असा आरोप होता. फौज निघाली, तो पळाला, पकडला गेला. जमातीची जमीन व गुरें जप्त झालीं. पुढील वर्षीं चौकशी होऊन त्यास जन्मभर हद्दपारीची शिक्षा झाली व रॉबेन बेटावर ठेवण्यांत आलें. सरकारचा एक मोठा पुरावा असा होता कीं, सरकारी जासूद निरोप घेऊन गेला असतां सरदाराच्या लोकांनीं त्यास नागवें करून त्याचा अपमान केला.

कोलेन्सो यांनीं हा पुरावा तपासावयास घेतला. प्रत्यक्ष पाहणाऱ्या झुलू व ह्लुबी लोकांस त्यांनीं आपल्याकडे बोलावून एकेकाची हकीकत त्यांच्याच भाषेंत लिहून घेतली. तेव्हां असें निघालें कीं, जासुदास नागवें केलेलें नव्हतें. त्याच्याजवळ हत्यार आहे कीं काय हें पाहण्यासाठीं वरचे कपडे मात्र उतरविले होते. ही भीति तरी कां? तर १८५८ सालीं एका सरकारी अंमलदारानें मत्याना नांवाच्या सरदारास सलोख्याच्या भेटीस बोलावून दग्यानें हल्ला केला होता, आणि ती आठवण लोकांत ताजी होती. तो अंमलदार नातालचे वजनदार अधिकारी थिओफिलस शेपस्टन यांचा सख्खा भाऊ होता. शेपस्टन आणि कोलेन्सो यांची वीस वर्षांची मैत्री होती. ती या शोधामुळें तुटली. ज्या गोऱ्या वसाहतवाल्यांनीं ग्रे यांच्याविरुद्ध कोलेन्सो यांची बाजू घेतली होती, त्यांनींही आतां त्यांस टाकलें. तरी १८७४ सालीं ते इंग्लंडला जाऊन वसाहतमंत्री लॉर्ड कार्नार्व्हन यांस भेटले. नातालच्या गव्हर्नरास परत बोलावण्यांत आलें, आणि लांगालिबालेले यास बेटावरून किनाऱ्यावर आणून ठेवण्यांत आलें.

वाचकहो, येथें क्षणभर थांबून पाहावें. ज्या मनुष्यानें पवित्र शास्त्रांतील आंकडे तपासले, त्यानेंच सरकारी साक्षीदाराची साक्ष तपासली. आणि दोन्हीं वेळां एकच रीत वापरली. पाहिलें कोणीं, सांगितलें कोणीं, सांगणें आपल्या आपल्याशीं जुळतें काय, हेच प्रश्न त्यानें केले. पहिल्या वेळीं त्याचें पद धोक्यांत आलें. दुसऱ्या वेळीं एका जमातीस थोडा तरी न्याय मिळाला.

१८७९ सालीं इंग्रज फौजेनें झुलू राज्यावर स्वारी केली. ता. २२ जानेवारी रोजीं इसान्डलवाना येथें तिचा भयंकर पराभव झाला. नातालांत शोक व सूड यांवांचून दुसरी भाषा ऐकूं येत नव्हती. प्रार्थनेसाठीं नेमलेल्या दिवशीं, मार्च महिन्यांत, कोलेन्सो यांनीं मीखा संदेष्ट्याच्या सहाव्या अध्यायावर उपदेश केला. न्यायानें वागणें व दया करणें हें देव मागतो. झुलू लोकांशीं आपण तसे वागलों काय, असा त्या उपदेशाचा रोख होता. मेलेल्या इंग्रजांसाठीं त्यांनीं शोक केला, आणि मेलेल्या झुलूंसाठींही केला. झुलू राजा केचवायो केप येथें कैदेंत असतां ते त्यास भेटून आले, आणि त्यास पुन्हां राज्य मिळावें म्हणून शेवटपर्यंत झटले. ता. २० जून १८८३ रोजीं त्यांचें देहावसान झालें. पीटरमॅरिट्झबर्ग येथील सेंट पीटर्स मंदिरांत वेदीसमोर त्यांस पुरलें आहे. त्यांच्या कन्या हॅरिएट यांनीं झुलू राजघराण्याची बाजू पुढें अनेक वर्षें मांडली.

कोलेन्सो यांचा न्याय आज कसा करावा? पंचग्रंथ एका हातानें एका काळीं लिहिला गेला नाहीं, हें त्यांचें मत बहुतेक शास्त्राभ्यासी आज मान्य करतात. वीस लाख लोकांच्या मुक्कामाच्या खुणा सीनायच्या रानांत सांपडलेल्या नाहींत. हजार या अर्थाच्या इब्री शब्दाचा कुळ असाही अर्थ होतो, म्हणून मूळ संख्या पुष्कळ लहान असावी, असें कांहीं विद्वान सुचवितात. उलटपक्षीं, त्यांची उणीवही दिसून येते. प्राचीन लेखक आंकडे लिहीत तेव्हां ते दुकानाची वही लिहीत नव्हते, इकडे त्यांचें लक्ष कमी गेलें. आणि मोडण्याचें काम त्यांनीं जितक्या स्पष्टपणें केलें, तितकें बांधण्याचें केलें नाहीं. त्यामुळें कित्येक साध्या विश्वासूंस दुःख झालें.

आपल्या उपदेशकांस या चरित्रापासून एक विवेक शिकतां येण्यासारखा आहे. सर्व प्रश्न एका मापानें मोजूं नयेत. अंगणांत माणसें किती मावतील हें गणितानें ठरतें. चमत्कार झाला कीं नाहीं हें गणितानें ठरत नाहीं. तेथें साक्षीदार पाहावे लागतात. पुनरुत्थित प्रभु कोणाकोणास दिसला त्यांचीं नांवें पौलानें करिंथ येथील मंडळीस लिहिलीं, तेव्हां वधस्तंभाच्या घटनेस पंचवीस वर्षांच्या आसपास झालीं होतीं, आणि पाहणाऱ्यांपैकीं पुष्कळ जण जिवंत होते. ही साक्ष जलप्रलयाच्या कथेहून निराळ्या जातीची आहे. तीही बेरजेसारखी सिद्ध करून हातांत देतां येत नाहीं. ती ऐकून, तोलून, मग विश्वास ठेवावा लागतो. सर्व कथा एकाच दाव्यास बांधून, एक सुटली तर सर्व सुटतील असें जो शिकवितो, तो ऐकणाऱ्यास विनाकारण संकटांत घालतो.

आणि ओट्यावरचा तो वृद्ध गृहस्थ? त्यास गप्प बसवूं नये. ठाऊक असेल तें सांगावें. ठाऊक नसेल तेथें ठाऊक नाहीं असें म्हणावें. उपदेशकाच्या तोंडून ते दोन शब्द निघाले म्हणून मंडळी मोडत नाहीं. आपण एक गोष्ट मानतों व दुसरी शिकवितों, हें मात्र लोकांस आज ना उद्यां कळल्यावांचून राहत नाहीं. आणि मग आपण खरेपणानें सांगितलेल्या गोष्टींवरही त्यांचा भरंवसा उरत नाहीं. विल्यम न्गिडी यांनीं हात थांबवून प्रश्न विचारला, आणि बिशपसाहेबांनीं त्यांस खोटें उत्तर दिलें नाहीं. बाकीच्या सर्व वादांत कोण कोठें चुकला हें देव जाणे. त्या घडीस मात्र एका शिष्यानें आपल्या गुरूवर टाकलेला विश्वास वायां गेला नाहीं.